शालनच्या हातचं

गुरुवारी आणि रविवारी, साडेअकराच्या सुमाराला, मधल्या भिंतीवर स्टीलचा डबा टेकल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ शालनची हाक यायची, "बाई, ठेवलाय बघा. गरम हाय तवर खावा."

"अगं, कशाला इतकं करतेस? गुडघे दुखतात म्हणतेस आणि उभ्यानं भाकऱ्या थापतेस."

"माझे गुडघे कुठं भाकरी थापत्यात? हात थापत्यात," शालन पलीकडून म्हणायची, आणि तिच्या चपला फटफट वाजत घरात जायच्या.

शैलजाबाई फाटक डबा उचलून आत न्यायच्या. झाकण काढून बघायच्या. दोन भाकऱ्या, मेथीची पातळ भाजी, शेंगदाण्याची चटणी, कधी हाताने कालवलेली काकडीची कोशिंबीर, कडेला गुळाचा खडा. वास फार छान यायचा. तो त्यांनी कधी नाकारला नाही. मग त्या खुरपं घ्यायच्या आणि मागच्या दाराने परसात जायच्या.

परसात विटांनी बांधलेला, कमरेएवढ्या उंचीचा खताचा खड्डा होता. वरचा पाचोळा बाजूला सारून बाई भाकरीचे तुकडे करायच्या, कारण अख्खी भाकरी लवकर कुजत नाही आणि उंदीर येतात. त्यावर भाजी, चटणी, कोशिंबीर. वर थोडं जुनं खत, विरजणासारखं. पेलाभर आंबट ताक शिंपडायचं आणि पुन्हा पाचोळा ओढून घ्यायचा. डबा घासून पुसून त्यात वांगी, कढीपत्ता, नाहीतर चार लिंबं घालायची, कारण शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं. संध्याकाळच्या आत डबा भिंतीवर परत.

"मेथी कशी झालीती बाई?"

"छान झाली होती गं."

हे नऊ वर्षं चाललं होतं.

मिरजेच्या पूर्वेला, अठरा जोडघरांची ती सोसायटी. बाई आणि त्यांचे यजमान, फाटक सर, तिथे राहायला आले तेव्हा भोवती उसाचे फड होते आणि परसात नुसता मुरूम. त्या मुरुमाची त्यांनी बत्तीस वर्षांत माती केली. त्यांना आठवायची ती लहानपणीची कृष्णाकाठची काळी माती, पायाच्या बोटांत शिरणारी; आईच्या वांग्यांच्या वाफ्याला येणारा, नुकत्या सारवलेल्या जमिनीसारखा वास. तो वास आपल्या खताला आला तेव्हा त्या एकट्याच परसात उभ्या राहून हसल्या होत्या. आता सोसायटीत कुणी नवी बाग लावली की पहिलं घमेलं फाटकबाईंच्या खताचं मागून नेत. मार्गशीर्षात खतवाटपाचा समारंभ व्हायचा, त्यात एका घराचं खत मानाचं ठरायचं. या वर्षीचा मान एकमताने बाईंच्या खताला मिळाला होता.

आणि अन्न टाकणं हे बाईंच्या दृष्टीने पाप होतं. शाळेत मुलांच्या डब्यातली अर्धी पोळी उरली तरी त्या वर्ग थांबवायच्या. शालनचं जेवण मात्र आपण टाकत नाही, मातीला देतो, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली होती. मातीत घातलेलं काही वाया जात नाही, हे तर त्यांनी पस्तीस वर्षं विज्ञानाच्या तासाला शिकवलं होतं. ते खातच का नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. पचत नाही, तेल जास्त असतं, रात्री छातीत जळजळतं, अशी उत्तरं तयार होती, पण तीही कुणी मागितली नव्हती.

चाखणी हे काही त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. महानगरपालिकेच्या कागदावर त्याला सव्वा ओळीचं नाव होतं. छत्रीच्या काडीएवढी एक सळई, टोकाला वाटाण्याएवढी जाळी. ती खतात खुपसून दहा मिनिटं थांबायचं. आमटीत पळी बुडवून चव बघावी तसं ते दिसायचं, म्हणून लोक तिला चाखणी म्हणू लागले.

पाच-सहा वर्षांमागे एका तणनाशकाने जिल्हाभरच्या परसबागा मारल्या होत्या. त्या औषधाने तण मरायचं, पण फवारलेला चारा खाल्लेल्या म्हशीला काही व्हायचं नाही. ते तिच्या पोटातून, शेणातून, मुरलेल्या खतातून जसंच्या तसं बाहेर पडायचं. प्रेमाने घातलेल्या खतानेच टोमॅटोची पानं आवळलेल्या मुठीसारखी वळायची. तेव्हापासून नियम झाला, की दुसऱ्याला द्यायचं खत आधी वाचून घ्यायचं.

सुरुवातीला चाखणी फक्त विष शोधायची. मग ती जास्त शिकली. प्रत्येक जिवंत वस्तूच्या पेशीत तिची ओळख सांगणारा डीएनएचा लांबलचक धागा असतो. वस्तू कुजली की धागा तुटतो, आणि बहुतेक तुकडे जंतू खाऊन टाकतात. पण काही तुकडे मातीच्या बारीक कणांना आणि कुजून काळ्या झालेल्या द्रव्याला असे चिकटतात, की जंतूंना ते ओढून काढता येत नाहीत. ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात. चाखणी ते तुकडे सोडवते, वाचते, आणि हे दोडक्याचं, हे आंब्याच्या कोयीचं, असं सांगते. खड्डा दरवर्षी रिकामा केला तरी आपण विरजण म्हणून थोडं जुनं खत मागे ठेवतो, आणि त्या विरजणात मागच्या सगळ्या वर्षांची आठवण शिल्लक राहते.

सोसायटीत याची मोठी करमणूक झाली. श्रावणात सगळ्यांना सोवळं सांगणाऱ्या एका गृहस्थांच्या खड्ड्यात अंड्याची टरफलं निघाली, तीही कुटून बारीक केलेली. त्यांची बायकोच ते सांगत घरोघर फिरली.

या वर्षी आलेली चाखणी आणखी एक पायरी पुढची होती. माणसाच्या हातावर आणि तोंडात सूक्ष्मजीवांची वस्ती असते, आणि दोन माणसांच्या वस्त्या कधी अगदी सारख्या नसतात. कणीक मळली, भाकरी थापली, कोशिंबीर कालवली, की हातावरचे हे रहिवासी अन्नात उतरतात. विस्तवावर ते मरतात खरे, पण त्यांच्या धाग्यांचे तुकडे उरतात. उष्ट्या घासात तोंडातले रहिवासी उतरतात. कुठल्या घरातलं अन्न कुणाच्या हातचं होतं आणि ते कुणी खाल्लं, हे आता खत सांगू शकत होतं. आजाराची साथ कुठून पसरली हे शोधायला ते शास्त्रज्ञांना हवं होतं.

त्या शास्त्रज्ञांत शालनची मुलगी दीक्षा होती.

सोमवारी सकाळी दीक्षा चाखणीची पेटी घेऊन बाईंच्या परसात आली. एकतीस वर्षांची, डोक्याला रुमाल बांधलेला. आठवीत बाईंच्याच वर्गात होती. भूमितीसाठी दोन वर्षं याच मागच्या पायरीवर बसून शिकलेली.

"बाई, मानाचं खत ना, मग साग्रसंगीत वाचायला हवं," ती म्हणाली. "चार ठिकाणी खुपसते. वर, मध्ये, खाली आणि विरजणात. आई तर कालपासून साडी काढून बसलीय रविवारच्या खतवाटपासाठी. जसं काही तिलाच मान मिळालाय."

"चहा टाकू?"

"टाका. आलं किसून घाला, कुटून नको."

"अजून तशीच हट्टी आहेस."

बाई चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा दीक्षा पायरीवर बसून मांडीवरच्या काचेत चाखणीचं वाचन बघत होती. हसणं थांबलं होतं. तिने कप घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"काय गं? विष निघालं का काही?"

"नाही. स्वच्छ आहे." तिने काचेत पुन्हा एकदा पाहिलं. "बाई, तुम्ही ज्वारी कुठून आणता?"

"मी? मी कुठे भाकऱ्या करते आता. पोळ्याच."

"तेच. यात ज्वारी आहे. जतकडची, काळ्या बोंडाची. ती आता फक्त माझ्या मामाच्या रानात होते, बाजारात येत नाही."

त्या उभ्याच राहिल्या.

"शिळं उरलेलं घातलं असेल कधी," त्या म्हणाल्या.

दीक्षाने काच त्यांच्याकडे वळवली नाही. वर्गात उत्तर वाचून दाखवावं तशी, न थांबता बोलत गेली. "थर आहेत बाई. एक पातळ, एक जाड, एक पातळ, एक जाड. आठवड्यात दोनदा. भाकरी, भाजी, कोशिंबीर, गूळ. हाताची वस्ती तेरा नंबरच्या खड्ड्याशी जुळते. तेरा नंबर म्हणजे आमचं घर. आईचा हात आहे हा. आणि तोंडाची वस्ती..." तिने ओठ मिटले. "एकाही थरात कुणाच्या तोंडाची वस्ती नाही. कुणी घाससुद्धा मोडलेला नाही. विरजणात बघितलं तर नऊ वर्षं मागेपर्यंत तसंच."

"दीक्षा, मला रात्री जळजळतं, तेल..."

"बाई." ती पहिल्यांदाच वर बघून बोलली. "तुम्हीच आमच्याकडून जंतू वाढवायच्या अगारच्या ताटलीत बोटं टेकवून घेतली होती. आठवतंय? चार दिवसांनी प्रत्येकाच्या बोटाखाली वेगळी नक्षी उगवली. मी विचारलं होतं, कुणाची घाण जास्त? तुम्ही म्हणालात, घाण नव्हे, ही प्रत्येकाची आपापली बाग आहे. मी त्या दिवशी ठरवलं होतं काय शिकायचं ते."

बाईंना आठवत होतं. त्यांची स्मरणशक्ती नको इतकी चांगली होती.

दीक्षाने सळई पुसून पेटीत ठेवली. "मानाच्या खताचं पूर्ण वाचन रविवारी सभागृहातल्या फळ्यावर लागतं. नको असेल तर घरमालकाला ते झाकता येतं. फोनवर विचारणा येईल, तुम्ही नको म्हणा. मी अडवणार नाही, मला तो अधिकारही नाही."

"शालनला सांगणार आहेस?"

"मी काय सांगू तिला?" दीक्षा उठली. "गुरुवारी ती परत भाकऱ्या थापणार आहे. मला ते बघत बसायचंय."

चहा तसाच राहिला. बाईंनी तो लिंबाच्या मुळाशी ओतला.

फोनवर विचारणा आली तेव्हा त्यांनी लगेच 'झाकावं' असं उत्तर दिलं. एवढं केलं की हायसं वाटेल अशी त्यांची समजूत होती. वाटलं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. परसात पाऊल टाकवेना. जात हा शब्द त्यांनी आयुष्यात स्वतःबद्दल कधी उच्चारला नव्हता. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी त्यावर भाषणं केली होती. फॉर्मवर तो रकाना आला की त्या रेघ मारायच्या आणि त्या रेघेचा त्यांना अभिमान होता. शालनचं आडनाव बनसोडे आहे, तिच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, हे त्यांना कधी खटकलं नव्हतं. शालनच्या घरी त्या बसायला जायच्या, गप्पा मारायच्या. फक्त तिथे गेलं की तहान लागायची नाही. इतक्या वर्षांत एकदाही लागली नव्हती, आणि ही गोष्ट त्यांच्या आत्ता ध्यानात येत होती.

लहानपणचं एक चित्र सारखं समोर येऊ लागलं. शेणी विकायला येणारी एक बाई होती, हौसाबाई. ती दारात ओंजळ धरून वाकायची आणि आई वरून, पुष्कळ वरून, पाणी ओतायची. सात वर्षांच्या शैलूने विचारलं होतं, "आई, तिला भांडं का नाही देत?" आई म्हणाली होती, "तिला तसंच प्यायला आवडतं." शैलूला ते पटलं नव्हतं. ती आईशी आठ दिवस बोलली नव्हती. त्या आठ दिवसांची गोष्ट बाई पुढे किती वर्गांना सांगत आल्या. आई निदान दारात, सगळ्यांच्या देखत ओतत होती. आपण पाचोळ्याखाली लपवत आलो.

गुरुवारी साडेअकराला डबा भिंतीवर टेकला.

"बाई, ठेवलाय. दीक्षीचं काय बिनसलंय कळंना, चार दिस धड जेवंना झालीय. तुम्ही जरा समजवा तिला, तुमचं ऐकती."

"बरं," बाई म्हणाल्या.

डबा टेबलावर ठेवून त्यांनी ताट घेतलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा शालनची भाकरी ताटात आली. त्यांनी तुकडा मोडला, भाजीत बुडवला, आणि हात तोंडापाशी थांबला. मनात काहीच नव्हतं, कुठला विचार नाही, शब्द नाही. नुसता घसा मिटला होता. शिकवून झालेलं, वाचून झालेलं सगळं डोक्यात नीट रचलेलं होतं, त्यातलं काही घशापर्यंत उतरलेलं नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई स्वयंपाकघरात एका घासासमोर बसून होती.

शेवटी त्यांनी डोळे मिटून घास तोंडात घातला. चावला. गिळला.

मेथीची भाजी होती. मीठ किंचित जास्त होतं. भाकरी गोड होती, जुन्या ज्वारीची असते तशी. त्यात दुसरं काही नव्हतं. ज्याच्यापासून त्या इतकी वर्षं पळत होत्या ते हे एवढंच होतं. मेथीची भाजी.

दुसरा घास त्यांनी घेतला, तिसराही घेतला. मग त्यांना पुढे खाता येईना, कारण आता ते खाणं चोरीसारखं वाटू लागलं. अर्धा भरलेला डबा झाकून त्या पुढच्या दाराने बाहेर पडल्या.

शालन ओट्यावर पाय पसरून लसूण सोलत बसली होती. तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर म्हणून काढलेली, बासष्ट वर्षांची, रुंद हाडांची बाई.

"या बाई. घासूनबी आणलासा व्हय डबा? मी काय पळून चाललीती?"

"घासलेला नाही. आहे त्यात अजून."

"बरं वाटंना?" शालन गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिने तळवा बाईंच्या कपाळाला लावला. गार, लसणाचा वास असलेला, जाड तळवा. "ताप न्हाई."

"शालन, खाली बस. मला सांगायचंय." बाई स्वतः उभ्याच राहिल्या. "मी तुझं जेवण जेवत नव्हते."

"आज? मग राहू द्या की, त्यात काय एवढं."

"आज तीन घास जेवले. आधी कधी नाही. तू दिलेलं सगळं मी खड्ड्यात घालत होते. खतात."

शालनने एक पाकळी सोलली, ताटलीत टाकली, दुसरी घेतली.

"तिखट हुतं?"

"नाही."

"तेल?"

"नाही गं शालन."

"मग..." शालन थांबली. पुढचं तिने विचारलं नाही. त्या भागात बासष्ट वर्षं काढलेल्या बाईला ते विचारायची गरज नव्हती. तिचा चेहरा रागावला नाही. तो हळूहळू बंद होत गेला, आणि बाईंना ते बघणं रागापेक्षा कठीण गेलं.

"पुरणपोळ्या?" शालनने विचारलं.

"हो."

"तिळाच्या वड्या बी?"

"हो."

"सर गेले त्या दिवशी तुमची चूल पेटली न्हवती. मी पिठलं-भात आणलावता. तुम्ही म्हणालासा, शालन, दोन घास पोटात गेले बघ तुझ्यामुळं."

"ते पहिलं," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून."

रस्त्यावरून विजेची रिक्षा आवाज न करता गेली. शालन तिच्याकडे बघत राहिली, जसं काही तीत कोण बसलंय हे कळणं महत्त्वाचं होतं.

"तुमच्यासाठी तवा निराळा ठेवलाय मी," ती म्हणाली. "आमच्यात सुकट भाजत्यात, वास लागू नये म्हणून. पोळपाट बी निराळा. घरातली हसायची मला." मग तिचा आवाज खाली आला. "माझ्या भणीला मी सांगितलंवतं, आमच्या बाई माझ्या हातचं खात्यात. ती म्हणाली, बघितलंस का खाताना? मी म्हणलं, तुझं मनच काळं. भांडले बाई मी तिच्याशी. दोन वर्सं तिच्या दारात गेले न्हाई. तुमच्यापायी."

बाईंना वाटलं, आता बसावं लागेल. पण त्या ओट्यावर बसायचा हक्क राहिलेला नाही असंही वाटलं.

"शालन, रविवारी मी हे सगळ्यांसमोर सांगते. वाचन मी झाकलं होतं, ते उघडते. फळ्यावर लागू दे. मी स्वतः उभी राहून वाचते."

"कशाला?"

"लोकांना कळू दे मी कशी आहे ते."

"त्यात माझा हात हाय न्हवं?" शालनने ताटली बाजूला सारली. "फळ्यावर माझा हात टांगणार. लोकं म्हणतील, फाटकबाई किती खऱ्या, किती मोठं मन. आन् माझ्याकडं बघून काय म्हणतील? ही बघा, नऊ वर्सं देत बसली. तुमचं मन हलकं करायला माझा हात वापरू नका बाई. झाकलंय ते झाकूनच ठेवा."

बाईंनी मान हलवली. माफी मागायचं त्यांनी वाटेत ठरवलं होतं, शब्दही जुळवले होते. तो शब्द आता तोंडात आला असता तर तोही स्वतःसाठीच झाला असता. त्यांनी तो काढला नाही.

"दीक्षीला ठावं हाय?"

"सोमवारपासून."

"म्हणून पोरगी जेवंना." शालन उठली, आत गेली. बाईंना वाटलं, दार लागेल. पण ती घमेलं आणि फावडं घेऊन बाहेर आली.

"चला."

"कुठे?"

"तुमच्या परसात. ते खत माझं हाय."

दोघी मागच्या बाजूला गेल्या. शालनने पदर खोचला, खड्ड्याशी उभं राहून आत बघितलं. काळं, भुसभुशीत, वाफाळतं खत. मिरजेत त्याच्यासारखं नव्हतं.

"सगळं नेणार?" बाईंनी विचारलं, आणि विचारताक्षणी त्यांना आपल्या आवाजातला लोभ ऐकू आला.

"सगळं. जे वांग्यात गेलं ते गेलं. त्यातली वांगी तर मीच खाल्ली, डबा भरून भरून धाडलेली." ती क्षणभर हसल्यासारखी झाली आणि ते हसू तिथेच संपलं. "मानाचं खत आता कुणाचं करायचं ते सोसायटी बघंल. तुम्ही सांगा, संपलं म्हणून."

शालनच्या गुडघ्यांना वाकवेना. तेव्हा बाईंनी फावडं घेतलं. फावडं जड झालं तेव्हा ते ठेवून त्या हातांनीच भरू लागल्या. शालन घमेलं कमरेवर घेऊन फाटकातून जायची, आपल्या परसात ओतायची आणि परत यायची. भिंतीवरून द्यायचं कुणालाही सुचलं नाही. नऊ घमेली झाली, दहा झाली. दुपारचं ऊन डोक्यावर आलं. बाईंच्या नखांत, मनगटांवर, कपाळावर ते खत लागलं होतं. ओंजळीत धरलं की ऊब लागत होती.

तळाशी विरजण होतं, तेही भरलं. मग कोपऱ्यात, ढिगाच्या कडेला सरकलेली एक भाकरी सापडली. गेल्या रविवारी घाईत तिचे तुकडे करायचे राहिले होते. कडेने पांढरी बुरशी धरली होती, पण मधोमध थापलेल्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते, एका शेजारी एक.

बाई ती हातात घेऊन तशाच राहिल्या. शालनने हात पुढे केला, भाकरी घेतली, उलटून पाहिली. तिने आपली बोटं त्या ठशांवर ठेवली, क्षणभरच.

"ही गेल्या रविवारची," ती म्हणाली, आणि भाकरी घमेल्यात टाकली.

घमेलं कमरेवर घेऊन ती फाटकापर्यंत गेली. तिथे वळली.

"खड्ड्यावर फळी टाका बाई. रिकामा हाय. मांजराचं पिल्लूबिल्लू पडंल."

बाईंनी फळी आणली आणि खड्ड्यावर टाकली. भिंतीपलीकडे शेवटचं घमेलं ओतल्याचा आवाज झाला. मग चपला फटफट वाजत घरात गेल्या आणि दार लागलं.

खत संपलं, एवढंच बाईंनी सोसायटीला कळवलं. रविवारी साडेअकराला त्या भिंतीपाशी गेल्या नाहीत. त्यांनी भात टाकला, आणि तो शिजेपर्यंत पलीकडून येणारा भाकऱ्या थापल्याचा आवाज ऐकत राहिल्या. त्यांनी मोजल्या. नेहमीपेक्षा दोन कमी होत्या.